नवव्या दिवसाचं ऊन

नांदेडात मार्च लागला की मी शाळेला निघताना शेजारच्या काकू फाटकातून विचारायच्या, "मॅडमच हायेत का दुसरंच कुणी?" त्यांचंही बरोबर होतं. डोक्याला स्कार्फ, तोही असा आवळून बांधलेला की डोळ्यांपुरती फट राहावी. त्या फटीवर गॉगल. अंगात पांढरा सनकोट, कोपराच्या वर जाणारे हातमोजे आणि पायात मोजे. एवढं सगळं चढवून मी स्कूटीवर बसले की माझी मलाच ओळख पटायची नाही. काकू तरी काय, स्वतः भाजी आणायला निघाल्या की याच वेशात निघायच्या. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एखाद्या बाईचं नाक दिसलं तर ती नक्की पाहुणी असायची.

आणि अशी बांधून-सवरून मी शाळेत जाऊन शिकवायचे काय, तर भूगोल. सूर्याचे लंब किरण, तिरपे किरण, उष्ण कटिबंध. "मुलांनो, आपल्याकडे सूर्यप्रकाशाला तोटा नाही," हे वाक्य मी अकरा वर्षं म्हणत आले. पिवळ्या खडूनं फळ्यावर भलामोठा सूर्य काढायचे. खऱ्या सूर्याला मात्र अंगाला हात लावू द्यायचे नाही. माझा रंग आधीच सावळा. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील, मग कोण करील तुला?" हे ऐकून ऐकून लहानपणीच कान किटले होते. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, करणाऱ्यानं करून घेतलं, तरी ती भीती काही गेली नाही.

नवरा किनवटकडचा. रेल्वेत आहे, ड्युटी मुदखेडला. माझं माहेर लातूर. पहिली जचकी माहेरी करायची रीत, म्हणून थोरल्या लेकीच्या वेळी मी आठव्या महिन्यात लातूरला आईकडे गेले.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव, उपास, नवस, अंगारे सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं. कुणी दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर माझी आई आजही थांबून त्यांना दोन शब्द सुनावते. पण बाळंतिणीची खोली? ती मात्र सुटली नाही. देव गेले, वारं राहिलं! मागच्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-शेपाची धुरी, आणि एकुलत्या एका खिडकीवर गोधडी ठोकलेली. सव्वा महिना आत बसायचं. वारं लागलं की संपलं, असं आई म्हणायची. मी एम.ए. बी.एड. बाई, गुपचूप बसले. आठ महिने नांदेडात गुंडाळून काढले होते, आता सव्वा महिना लातुरात कोंडून काढायचा, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी लेकीला पाजत होते. तिचा उजवा हात फडफडला. मला वाटलं, झोपेत दचकली. मग पाय फडफडला. मग डोळे एका बाजूला फिरले आणि ओठ निळे पडले. मी किंचाळले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: रिक्षा, दवाखान्याच्या पायऱ्या, तिच्या इवल्याशा हातात सुई शोधणारी सिस्टर, आणि अनवाणी उभी असलेली मी. माझी चप्पल कुठं गेली ते आजतागायत कळलं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम पार खाली गेलेलं होतं. हळूहळू सुईतून कॅल्शियम दिलं तसे झटके थांबले. मग त्यांनी माझं रक्त मागितलं. मी म्हटलं, माझं कशाला, आजारी तर ही आहे. ते म्हणाले, द्या तर खरं. माझं व्हिटॅमिन डी एक आकडी आलं. मी आयुष्यात कधी एक आकडी मार्क घेतले नव्हते हो, गणितातसुद्धा! डॉक्टर म्हणाले, "बाळ पोटात असताना सगळं आईकडूनच घेतं. हाडं धरायला, कॅल्शियम सांभाळायला हे लागतं. आईच्याच गाठीला नसेल तर ते बिचारं कुठून आणणार?"

गरोदरपणात माझं हिमोग्लोबिन झालं, साखर झाली, थायरॉइड झालं. हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उष्ण कटिबंधातली बाई मी, मला उन्हाची कमी? पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मला एवढंच वाटत होतं की मी माझ्या लेकराला नऊ महिने उपाशी ठेवलं आणि मला पत्ताही लागला नाही. मी फार रडले. लेक चौथ्या दिवशी घरी आली. आता पाच वर्षांची आहे, तिच्या उड्यांनी आमच्या दिवाणाची एक फळी मोडली आहे आणि तिला झटके आले होते हे सांगितलं तर लोक हसतात.

ती चार वर्षांची असताना मला पुन्हा दिवस राहिले. लोक विचारायचे, आता मुलगा हवा का मुलगी? माझ्या डोक्यात दुसरंच. बाकी आठ महिने कसेही जावोत, बाळाचा नववा दिवस नीट जाऊ दे. कॅलेंडरच्या शेवटी छापलेल्या पुढच्या जानेवारीत जचकीची तारीख आली, तिच्या पुढं नऊ घरं मोजून मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब काढलं होतं. नवऱ्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, गॅसच्या सिलिंडरचं.

या खेपेला मी आधीच जाऊन नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. रक्त तपासलं. एक आकडी नव्हतं, पण काठावर नापास. सनकोट सुटला नव्हता ना! त्यांनी चौथ्या महिन्यापासून घ्यायला पावडरच्या पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, जेवण झाल्यावर दुधातून. मनानं बंद करायची नाही आणि मनानं वाढवायचीही नाही. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या. "आणि जरा ऊन घेत जा," असं त्यांनी उठता उठता सांगितलं. किती, कधी, ते मी विचारलं नाही. उन्हाबद्दल भूगोलाच्या मॅडमनी कुणाला विचारायचं?

मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला गच्चीवर. कोवळं ऊन! लहान लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सांगतात, कोवळं ऊन चांगलं. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागून डोकं वर काढायचा, मी हात पसरून उभी राहायचे, आणि तो तापायला लागला की पळत खाली. मग सातला स्कार्फ बांधून शाळेला. पावसाळा लागला तसा ढगातूनही मी हा नेम मोडला नाही.

चौथ्या महिन्यात उलट्यांनी हैराण झाले तेव्हा आई लातूरहून आली. आली ती स्वयंपाकघर ताब्यात घेऊनच. माझ्या औषधांचा डबाही तिच्याकडे गेला. "तू शाळा बघ, हे मी बघते," म्हणाली. मला बरंच वाटलं. दर रविवारी जेवण झालं की ती माझ्यापुढं ताकाचा गिलास ठेवायची आणि म्हणायची, "घे, पुडी हाय त्यात." मी गटागट प्यायचे. दुधाऐवजी ताक का, असं एकदा मनात आलं होतं, पण उलट्यांच्या दिवसांत दूध नको नको व्हायचं, म्हणून मी तो विषय काढला नाही.

सहाव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला मी, नवरा आणि आई तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"पुडी घेताय ना?"

"घेते की. दर रविवारी."

"एकही चुकली नाही?"

"एकही नाही," मी म्हटलं.  म्हणजे आकडा हललाच नव्हता.

"मग कशातून घेता?"

मी तोंड उघडायच्या आत आई खुर्ची पुढं ओढून बसली. "ताकातून देते बाई मी. दुधातून लई गरम पडतंय ते. पावडर गरम, वर दूध. पोटुशी बाई, एवढं गरम कसं सोसंल? म्हणून ताकात कालवते."

"बरं, ताक तर ताक. किती ताकात?"

"मोठा तांब्या हाय की. तांब्याभर."

"एवढं ताक ह्या एकट्या पितात?"

"आता बया! एकटी कशी पिईल? जावई हायेत, नात हाय, मी हाय. दूधवाला टेकला तर त्यालाबी गिलासभर. पोटुशीनं एकटीनं काई खाऊ-पिऊ न्हाई. नजर-बिजर न्हाई, आमच्यात नजर मानत न्हाईत! पर बघणाऱ्याचा जीव ऱ्हातो."

 डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या दूधवाल्याची हाडं आता झकास झाली असतील," त्या म्हणाल्या आणि तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या.

नवरा म्हणाला, "तरीच! मी म्हणतच होतो, रविवारचं ताक गोड कसं काय लागून राहिलं!"

"मग बोलला का नाहीत?" मी त्याच्यावर उखडले.

"मला वाटलं, जावई म्हणून आई साखर घालून राहिल्या."

सगळे हसले. मी नाही. दोन महिने, दर आठवड्याला माझ्या बाळाची पुडी चौघांत-पाचांत वाटली जात होती, आणि वर मी गटागट पिऊन समाधानानं ढेकर देत होते. माझा स्वभाव तसाही तापट. नवरा म्हणतो, नांदेडचं ऊन अंगाला नाही लागलं पण डोक्याला लागलंय. मी तिथंच आईला म्हणाले, "तुला कुणी सांगितले होते हे उद्योग?" आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी काय वाईट केलं का गं?" 

डॉक्टरीणबाईंनीच सावरलं. अजून तीन महिने हातात आहेत, म्हणाल्या, नीट घेतलं तर भरून निघेल. मग विचारलं, ऊन घेता का? मी अभिमानानं सांगितलं, रोज सहाला, कोवळं. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, सहाला? त्या वेळचे किरण..."

"तिरपे असतात," मी म्हटलं. वाक्य माझ्याच तोंडून पुरं झालं. इतके तिरपे, इतक्या लांबून हवेतून येणारे की त्यांच्यातलं जे हवं ते खाली पोचतच नाही. हे अकरा वर्षं मी आकृती काढून शिकवलं होतं, तापमानासाठी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या म्हणाल्या, दहा-साडेदहाला पंधरा-वीस मिनिटं, हात-पाय उघडे ठेवून, काचेच्या आतून नाही. डोक्यावर पदर घ्या हवं तर, पण तो सनकोट उतरवा.

मग पुड्या मी माझ्या ताब्यात घेतल्या. जेवण झालं की वाटीभर दुधात कालवून, नाक दाबून, एकटी प्यायचे, आणि बघणाऱ्यांचा जीव राहिला तर राहू द्यायचे. शाळेत साडेदहाच्या सुट्टीत मैदानाच्या पायऱ्यांवर बाह्या वर सारून बसायचे. पहिल्या दिवशी सातवीतल्या मुली लांबून बघत राहिल्या. शेवटी एक धीट पोरगी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही अशा दिसता होय?" महिनाभरात माझे हात दोन रंगांचे झाले. त्याचं वाईट वाटायचं राहून गेलं, कारण पुढच्या तपासणीत आकडा चढला होता. पास! फर्स्ट क्लास नाही, पण पास. तरी टिंब टिंबाच्या जागी होतंच. पहिले सहा महिने जे कमी पडलं त्याचं काय, हा किडा डोक्यातून जात नव्हता.

सासूबाई हयात नाहीत, म्हणून दुसरी जचकीही लातूरलाच ठरली. डिसेंबरात रजा टाकून मी आईकडे गेले. ताकाच्या प्रकरणावरून आमच्यात अबोला नव्हता, पण आई जरा जपूनच बोलायची. बॅग ठेवायला मागच्या खोलीत गेले तर काय, आईनं आधीच सगळी तयारी करून ठेवलेली. खिडकीवर गोधडी होतीच. तिच्या आत, चौकटीच्या फटीफटीला, कणकेची खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कोपरान् कोपरा. मुंगीला आत यायला जागा नाही.

माझं डोकं सटकलं. एवढं सगळं सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं, आणि पुन्हा अंधारकोठडी! मी तिच्या डोळ्यांदेखत त्या पट्ट्या टराटरा ओढून काढल्या. म्हटलं, "या वेळी खिडकी उघडी राहणार. मी रोज अंगणात उन्हाला बसणार. बाळालाही नेणार."

"न्हेणार न्हाईस तू," आई म्हणाली.

"का? का नाही?"

"तुला काय कळतंय गं? पुस्तकं वाचून शानी झाली! उन्हावाऱ्याला न्हेशील आन् मंग?"

"मग काय? काय होईल? सांग की!"

"मरंल," आई म्हणाली.

 आई कधी असं अभद्र बोलत नाही. ती बाजेवर बसली, खाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या उचलून मांडीवर सरळ करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "येकदा न्हेलतं मी."

माझ्या आधी एक मुलगा झाला होता. मला हे माहीत नव्हतं. चाळिशीला टेकलेली मी, घरात सगळे मला थोरली म्हणत आले आणि मी थोरलेपणाचा तोराही मिरवत आले, पण मी थोरली नव्हते. तेव्हा आई-बाबा देवणीकडच्या आमच्या गावात राहायचे. थंडीचे दिवस होते. आठव्या दिवशी खोलीतल्या धुरानं तिचा जीव घुसमटायला लागला. तिची सासू पाण्याला गेली होती. तेवढ्यात आई दार उघडून बाळाला घेऊन उंबऱ्यात आली. "ऊन लई छान पडलं हुतं," आई म्हणाली. "त्याच्या तोंडावर आलं तसं त्यानं डोळं बारीक केलं. मला वाटलं, हासला." सासू परत आली तशी तिनं शिव्या देऊन तिला आत हाकललं. दुसऱ्या दिवशी, नवव्या दिवशी, बाळाला झटके आले. गावात जीप मिळेपर्यंत दुपार झाली. दवाखाना काही त्यानं बघितला नाही.

"सगळी म्हणली, उन्हावाऱ्याला काढलं, वारं लागलं. सासूबाई मरस्तोवर म्हणायच्या, हिनंच खाल्लं लेकराला." आईनं पट्टीची घडी घातली. "त्याचं नावबी ठेवलं नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी करायचं हुतं."

मी तिच्या शेजारी बसले.  बाबांनी कधी सांगितलं नाही, मावश्यांनी सांगितलं नाही. आई पुढं म्हणाली, "तुझ्या पोरीला झटकं आलं का न्हाई, तवा दवाखान्यातून आल्यावर मी आधी खिडकी बघितली. म्हणलं, कुठून वारं आलं? हितं खालच्या अंगाला बोटभर फट हुती." डॉक्टरांनी तेव्हा कॅल्शियम कॅल्शियम म्हणून कितीही सांगितलं असू दे, तिला सापडली होती ती फट. ती पाच वर्षं त्या फटीलाच बोल लावत होती, आणि मी मला.

मला म्हणायचं होतं, आई, ते उन्हामुळं नव्हतं. पण तेव्हा कुणी रक्त तपासलं होतं? मी कशाच्या जोरावर सांगणार? मी एवढंच म्हटलं, "बाळाला नेत नाही. पण मी उन्हाला बसणार." ती म्हणाली, "बस." पट्ट्या तिनं पुन्हा चिकटवल्या नाहीत. गोधडी मात्र काढू दिली नाही.

जानेवारीत मुलगा झाला. रडला असा की सिस्टर म्हणाली, हा पुढं लाउडस्पीकर लावणार. मला हसू आलं, पण जीव सगळा टांगणीला. त्याचा हात हलला की मी बघायचे, पाय हलला की बघायचे. लेकरू साधं शिंकलं तरी मी उठून बसायचे. पहिल्या दिवसापासून त्याला व्हिटॅमिनचे थेंब सुरू केले होते, तरी थोरलीचं माहीत असल्यामुळं सातव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं होतं. त्यांनी टाचेतून रक्त घेतलं. आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. तोच दवाखाना, तोच बाक. मी चपला घट्ट घालून बसले होते.

कॅल्शियम नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, "छान आहे. अगदी छान." माझा जीव भांड्यात पडला आणि तिथंच टेबलावर डोकं टेकून मी हमसून रडले. डॉक्टर बिचारे गोंधळले, पुन्हा पुन्हा म्हणायला लागले की अहो, नॉर्मल आहे, नॉर्मल.

मी बाळाला घेऊन उठले. आई उठली नाही.

"डॉक्टरसाहेब, येक इचारू का? लेकराला उन्हात न्हेलं तर झटकं येतेत का?"

"उन्हानं? नाही हो आजी. दोन-पाच मिनिटं नेलं तर काही होत नाही."

"आन् वाऱ्यानं?"

"वाऱ्यानंही नाही. थंडी जपायची, एवढंच."

"मंग कशानं येतेत?"

"कारणं बरीच असतात. पण आठव्या-नवव्या दिवशी आले तर पुष्कळदा कॅल्शियमच कमी झालेलं असतं. आईच्या अंगात कमी असलं की बाळाला कमी पडतं. तुमच्या नातीचं झालं होतं तसं."

आईनं हळूहळू मान हलवली. "म्हंजे आईमुळंच," ती म्हणाली, आणि पदर नीट करून उठली. डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला होता. त्यांना काय माहीत!

मला इतका राग आला. डॉक्टरांचा नाही, त्या शब्दाचा. रिक्षात बसल्याबरोबर मी सुरू झाले, "आई, हे बघ, तुझ्या अंगात नव्हतं तर त्यात तुझा काय दोष? तुला कुणी दिलं होतं? सासूनं पोटभर जेवू तरी घातलं होतं का? कुणी तपासलं, कुणी विचारलं?"

आई बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत होती. म्हणाली, "तुझ्याबी अंगात नव्हतंच की, पयल्या खेपंला."

"नव्हतं."

"मंग तुझा दोष हाय का त्यात?"

पाच वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आले होते. तिच्यासमोर तसं म्हणता येईना. हो म्हटलं असतं तर तिलाही तेच लागू झालं असतं. "नाही," मी म्हटलं.

"मंग गप ऱ्हा आता," आई म्हणाली. 

नववा दिवस उजाडला. कॅलेंडर नांदेडला राहिलं होतं, पण टिंब माझ्या डोळ्यांसमोर होतं. रिपोर्ट नॉर्मल होता, मला ठाऊक होतं, तरी मी पहाटेपासून बाळाकडे टक लावून बसले होते. आई दोनदा येऊन बघून गेली.  साडेनऊच्या सुमाराला ती हात धुऊन आली, पदराला पुसले आणि म्हणाली, "दे त्याला हिकडं."

मला वाटलं, शेकायला नेते. तिनं त्याला दुपट्यात नीट गुंडाळलं, पुढच्या खोलीतून चालत गेली आणि अंगणाचं दार उघडलं. मी मागोमाग धावले. उंबऱ्यावर ती थांबली. तिची पाठ मला दिसत होती. एवढ्या वेळ थांबली की मला वाटलं, ही आता मागं फिरणार. मग तिनं एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला, आणि अंगणात मध्यावर जाऊन उभी राहिली. लातूरचं जानेवारीतलं ऊन, बोचरं नाही की काही नाही. तिनं दुपटं सैल केलं. पोरानं डोळे बारीक केले, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपला.  मी तिच्या कोपराखाली हात धरला.

"किती येळ?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं बास," मी म्हटलं आणि मोबाइलवर वेळ बघत राहिले. आई बाळाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मी म्हटलं, "आई, झाली पाच मिनिटं. आण आत."

आई हलली नाही. म्हणाली, "त्याला मी एवढा येळबी धरलं नव्हतं गं."

मी मोबाइल खिशात टाकला आणि तिला हवं तेवढा वेळ उभं राहू दिलं.